अक्काचे तेलकट केस

बेंगळूर, रविवार, जानेवारी १९६४

अक्काचे केस अजून तेलकट आहेत. जेवताना सारखं तिकडेच लक्ष जात होतं.

मीच तिला बसवनगुडीहून बोलावलं, गच्चीवर मी बनवलेल्या सौर तक्त्याच्या पाण्यानं न्हायला. उन्हात वरच्या सिलिकॉनच्या चकत्या वीज करतात, खालच्या नळीत पाणी तापतं. एका उन्हात दोन कामं, अशी फुशारकी मारलेली. पण पाणी हळू सोडलं तरच कढत होतं, आणि तेव्हा चकत्या तापून वीज घटते.

नेमके आमचे साहेब वीज बघायला आले. मी तोटी पूर्ण सोडली. चकत्या गार झाल्या, विजेच्या मापकाचा काटा चढला, साहेब खूश. अक्का खाली न्हाणीघरात तेल लावून बसलीय, हे ठाऊक असून! कोमट पाण्यानं तेल निघतं थोडंच? साहेबांना जरा थांबवलं असतं तर काय बिघडलं असतं?

साहेब निघाले तेव्हा ती न्हाऊन बाहेर आली.

"काय अक्का, पाणी कसं होतं?" त्यांनी विचारलं.

"कढत होतं की. स्वल्प विसण घालावं लागलं."

तिचे दात वाजत होते. केसांतलं तेल मानेवर ओघळत होतं.

आणि मी, निर्लज्ज, हसून मान डोलावली.