बाहेरून कडी

४ जानेवारी

पहिली!!! माझं गाणं "उडी" पहिल्या नंबरावर! मॅनेजरकाकांचा फोन आला तेव्हा मी दात घासत होते. फेसासकट किंचाळले. आईला वाटलं, अंगावर पाल पडली. धावत आली, ऐकलं, रडायला लागली, मग डोळे पुसून म्हणाली, "आधी चूळ भर."

मागच्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगमध्ये गात होते. माईक नुसता खरखरत होता. आणि आज आख्ख्या देशात पहिली! पंधराव्या वर्षी!

ताईला फोन केला. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते. मशीनच्या घरघरीत तिला धड ऐकू जाईना.

"काय पहिली? वर्गात?"

"देशात!"

"मोठी झालीस गं शेंबडे," म्हणाली. मग मशीन बंद झाल्यासारखं वाटलं. "खरंच?"

गाण्यांच्या कंपनीने माझं नाव "ठिणगी" ठेवलंय. ताईसाठी मी शेंबडीच.

११ जानेवारी

चौकात माझा फोटो लागलाय. तीन मजली! माझं नाक एका खिडकीएवढं आहे. त्या खिडकीतल्या बाईंनी तक्रार केली म्हणे, उजेड येत नाही. मी आणि आई रिक्षातून दोनदा तिथून गेलो. दुसऱ्यांदा आईच म्हणाली, "पुन्हा एकदा घे ना रे बाबा."

शाळेतून नाव काढलं. तात्पुरतं, असं काका म्हणतात.

१९ जानेवारी

झोपच येत नाही. आनंदाने की कशाने, कळत नाही.

आज रेडिओवर मुलाखत होती. निवेदकाने विचारलं, गाणं कुठे शिकलीस? मी खरं तेच सांगायला लागले. आमचे बाबा घरं रंगवायचे. स्वयंपाकघरामागे अडगळीची खोली होती, रंगाच्या डब्यांनी भरलेली. बाबांचं डोकं फिरलं की...

तो पुढे झुकला. एकदम हळू आवाजात म्हणाला, "तुला तिथे कोंडायचे?"

मी म्हणाले, "हो."

एवढंच. एक शब्द.

आत मी नसायचे. ताई असायची. ती बारा वर्षांची, मी पाच. मी बाहेर, पालथी, फरशीवर. दाराखालच्या फटीला कान लावून. ती आतून डबे वाजवत गाणी म्हणायची आणि मी बाहेरून तिच्यामागे म्हणायचे. अशी शिकले मी. पण तो "तुला" म्हणाला, त्याचे डोळे भरलेले, काचेपलीकडे सगळे फोन एकदम पेटलेले! आणि माझ्या तोंडून "हो" निघून गेलं.

घरी आले तर आईने आधी ताट वाढलं. मग म्हणाली, "घरातलं घरात राहू द्यायचं होतं."

ती माझं "हो" दुरुस्त करेल असं वाटलं होतं. नाही केलं.

२१ जानेवारी

ताईचा फोन नाही. मीही केला नाही.

२ फेब्रुवारी

नवीन गाणं! नाव: "कडी"! कंपनीतल्या प्रसिद्धीवाल्या मॅडम म्हणाल्या, "तुझी गोष्ट म्हणजे सोनं आहे सोनं." चाल ऐकली आणि अंगावर काटा आला. "काढा कडी, काढा कडी, आत एक गाणं आहे". पहिल्याच टेकमध्ये साउंडवाल्याने अंगठा दाखवला. तो कधीच दाखवत नाही. त्याला अंगठा आहे हेच मला आज कळलं.

गाताना खोटं वाटत नाही, हीच तर गंमत आहे. आवाज सगळा खरा निघतो. फक्त "मी" खोटी.

१४ फेब्रुवारी

व्हिडिओचं शूटिंग. त्यांनी आख्खी खोली उभी केली! डबे, शिडी, वाळलेले ब्रश. टर्पेंटाइनचा वाससुद्धा! मी आत पाय टाकला आणि आधी दाराखालची फट शोधली. पण भिंतीला खिडकी.

"खिडकी नव्हती," मी म्हणाले.

सेटवाले दादा म्हणाले, "बाळा, कॅमेऱ्याला उजेड लागतो."

दार लावलं. बाहेरून खट्ट. मी आयुष्यात पहिल्यांदा अशा खोलीच्या आत बसले होते.

आतून ती फट केवढीशी दिसते! बाहेरून मला वाटायचं, ताई अगदी जवळ आहे.

चार टेक झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "किती खरं रडतेस," मॅडम म्हणाल्या.

३ मार्च

ताप १०२. शो होता. काका म्हणाले, "लोक तुझा ताप ऐकायला येत नाहीत." डॉक्टरांनी इंजेक्शन टोचलं. गायले. दुसऱ्या गाण्यानंतर काही आठवत नाही. पण म्हणे कमाल गायले! लोक खुर्च्यांवर चढले होते म्हणे! आठवत नाही याचंच वाईट वाटतंय.

रात्री रडून उशी ओली करणं बंद. आवाज बसतो.

१० मार्च

"कडी" पहिल्या नंबरावर. चार दिवसांत!!

पत्रांची पोती येतायत. खरोखरची पोती. मी आणि आई जमिनीवर बसून फोडतो. एका मुलीने लिहिलंय, "तू सांगितलंस म्हणून मी पण आमच्या बाईंना सांगितलं. आता मी मावशीकडे राहते." पत्राला तिने टिकल्या लावल्यात.

मी ते पत्र आईला दाखवलं. आईने वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं, पुन्हा वाचलं.

खरं सांगितलं तर या मुलीला काय वाटेल? नाही सांगितलं तर?

२७ मार्च

आई आणि ताई तीन वर्षं बोलत नाहीत. ताई वेगळी राहायला गेली त्या दिवसापासून. काय बिनसलं कोण जाणे! ताईला विचारावं तर म्हणते, "तुझं रियाजाचं बघ." आई म्हणते, "तिलाच विचार." मला वाटायचं, मी मोठी स्टार झाले की दोघींना पहिल्या रांगेत शेजारी बसवीन. शेजारी बसल्या की बोलतीलच ना कधीतरी! निदान "जरा सरक" तरी.

१९ एप्रिल

बाबा टीव्हीवर.

बाबांचं घर सुटल्यापासून आठ वर्षांनी पाहिलं. केस सगळे पांढरे. नखांत अजून रंग.

म्हणाले, "मी तापट होतो. हात उचलला, थोरलीवर जास्त. नाकारत नाही. पण कोंडलं कुणालाच नाही. धाकटीला तर मी बोट लावलं नाही. विचारा तिच्या आईला."

मुलाखत घेणारी हसली. सगळे हसले. कोण विश्वास ठेवणार!

आणि मला बोट लावलं नव्हतं, हे खरंय. ताईला कोंडलं नाही म्हणतात ते धादांत खोटं, पण माझ्यापुरतं खरंय. या माणसाच्या तोंडून आयुष्यात एकदा खरं निघालं, तेही माझ्यामुळे!

आईने टीव्ही बंद केला. "उत्तर द्यायचं नाही. विषय संपला." दूध उतू जात होतं. दोघींपैकी कुणी उठलं नाही.

२३ एप्रिल

बाबांच्या दाराला काळं फासलं. कामावरची शिडी जाळली. मॅडम फोनवर म्हणाल्या, "लोकांचं किती प्रेम आहे बघ तुझ्यावर!"

बातमी ऐकून पहिलं मिनिटभर मला बरं वाटलं. लिहून ठेवते, कारण ते खरं आहे. मग बरं वाटेनासं झालं.

२ मे

डोक्याला ओढणी गुंडाळून ताईच्या दुकानात गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं.

"कशाला आलीस माहीत आहे," ती म्हणाली. "बस. स्टुलाचा पाय डुगडुगतो, सांभाळ."

"तू रेडिओ ऐकलास?"

"आख्ख्या गावाने ऐकला. मी काय बहिरी?"

"मग बोलली का नाहीस?"

तिने काच उजेडात धरली. फुंकर मारली. "त्या दिवशी तुझं थोबाड फोडावंसं वाटलं. नंतर वाटलं, जाऊ दे, आता ते तिचं. सुटले मी. मस्त झोप लागली दोन दिवस. मग ते गाणं आलं. समोरचा वडेवाला दिवसभर लावतो. आणि पुन्हा तुझं थोबाड फोडावंसं वाटलं."

मला हसू आलं. मग तिलाही. मग मी रडायला लागले तर म्हणाली, "काउंटरवर नको, काचा पुसल्यात."

"मी सांगून टाकू?"

"मला विचारतेस?"

"या वेळी विचारतेय."

तिने काच फडक्यात गुंडाळली. मग म्हणाली, "सांग. पण मला स्टेजवर बोलावू नकोस. आणि मी बिचारी होते असं म्हणू नकोस. मी आत तीस गाणी रचली होती."

तीस!

"आणि आईला काय सांगू?"

तिने मशीन चालू केलं.

९ मे

उद्या मोठा शो. आठ हजार लोक! काकांना काही सांगितलेलं नाही. मॅडमनी स्टेजवर दार उभं केलंय, खरी कडी लावून. शेवटी ते फोडून मी बाहेर यायचं.

११ मे

सांगितलं!!!

काल संध्याकाळी. दाराच्या आतून गायचं होतं. मी बाहेरच थांबले. बँड वाजतोय, मी गात नाही. ड्रमवाल्याने वळून पाहिलं. वाजवणं थांबलं.

मी म्हणाले, "खोली खरी आहे. आत माझी बहीण असायची. मी बाहेर असायचे. मी तुमच्याशी खोटं बोलले."

आठ हजार माणसं इतकी गप्प होऊ शकतात! मग कुजबुज. मग मागून कुणीतरी "खोटारडी!" ओरडलं, आणखी दहा जण ओरडले. काकांनी माईक बंद केला, मला कळलं, कारण माझा आवाज अचानक माझ्याएवढाच झाला.

आणि पुढच्या रांगेतली एक मुलगी खुर्चीवर उभी राहून ओरडली, "मग बाहेरचं सांग ना!"

मी दारापुढे पालथी झोपले, सगळ्या चमचमत्या कपड्यांसकट, आणि माईकशिवाय गायले. ताईचं एक. त्या तिसातलं मला आठवणारं. पहिल्या पाच-सहा रांगांना ऐकू गेलं असेल. पण त्या रांगा हलल्या नाहीत! मी उडत होते. खरंच सांगते, पहिल्या नंबरावर आले तेव्हासुद्धा इतकी उडाले नव्हते.

आत आल्यावर काका म्हणाले, "संपलीस तू."

मी म्हणाले, "भूक लागलीय."

१५ मे

कंपनीने करार मोडला. चौकातलं माझं नाक उतरवलं. त्या बाईंना उजेड मिळाला असेल.

ताईचा निरोप: "दुसऱ्या ओळीत चुकलीस."

१८ मे

कडी आई लावायची.

आज स्टेजचे कपडे घडी करताना, मान खाली घालून, तिने सांगितलं. "त्यांचा हात तिच्यापर्यंत पोचू नये म्हणून. कुलूप घालायचे आणि किल्ली कमरेला. ती आत घाबरू नये म्हणून नंतर तुला आणून दाराशी बसवायचे. मग मलाच भीती वाटायची. सकाळपर्यंत उघडायचे नाही."

मी ताईला फोन केला. "माहीत आहे मला," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून." मागे मशीन बंद झालं. मग, "दे तिला."

फोन आईच्या हातात आहे. मघापासून ती नुसतंच "हॅलो" म्हणतेय.