समोर बसून घेतलेलं प्रेशर

सोम. ३ मार्च
स. ७.१०. सुनंदा १६२/९४. दुसरं १५८/९६.
सर्जरीतल्या, म्हणजे इथल्या डॉक्टरच्या दवाखान्यातल्या, फार्मासिस्ट बाईंनी सात दिवसांचा तक्ता दिलाय. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. सरासरी बघून तिची प्रेशरची गोळी पाच मिलिग्रॅमची दहा करायची का, ते ठरणार. तक्ता मी भरतोय. सू. म्हणाली, "अहो, मी वॉर्डवर दिवसाला तीस जणांचं प्रेशर घेते. माझं मला घेता येईल." तीस जणांचं कसं घेतात ते पाहिलंय मी. पेशंट टीव्ही बघतोय, हात लोंबतोय, ही पट्टा गुंडाळून मोकळी. तेवीस वर्षं मी लेस्टरभर दुकानांचे वजनकाटे तपासतोय. पाच ग्रॅम इकडेतिकडे असेल तर सील लावत नाही. शिकवायला कोणी नव्हतं. जुने काटे उघडून, मॅन्युअलं वाचून शिकलो. या घरात मोजायचं ते मी मोजणार.
नियम: पाच मि. गप्प. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात उशीवर छातीच्या उंचीला. बोललं की पाच मि. पुन्हा पहिल्यापासून. चहा नंतर. मी समोर, घड्याळ घेऊन.

बुध. ५
१६८/९८.
"पाय."
"टेकलेत."
"डावा नाही."
पुन्हा पाच मि. मग १७०. "हललीस." तर म्हणे, "श्वास घेतला." शिफ्टला उशीर झाला, बस चुकली. चिडचिड माझ्यावर. तक्ता माझ्यासाठी आहे का?

सोम. १०
सरासरी १६४/९६. टाईप करून दिला, सोबत ग्राफ. फार्मासिस्ट बाईंचा फोन. दहाची गोळी सुरू. म्हणाल्या, असा व्यवस्थित तक्ता सर्जरीत कोणी आणत नाही. जेवताना सू.ला सांगितलं. थोड्या वेळाने परत सांगितलं. "ऐकलं हो," म्हणाली आणि वरणभात कालवत राहिली.

शुक्र. २१
घोटे सुजलेत तिचे. मोज्यांचे वळ पडतात. प्रेशर तरी १५६/९२. दहा दिवसांत एवढाच फरक? पाकिटातल्या गोळ्या मोजल्या. बरोबर निघाल्या. मग मीठ. डबा उघडून बघितला, लोणचं सापडलं. "पन्नाशी उलटली तरी जीभ आवरत नाही तुला," म्हटलं. शेजारचे पटेलभाई दारात होते, त्यांच्यासमोर म्हटलं. ती हसली. पटेलभाई हसले नाहीत.

बुध. २६
दुपारी वॉर्डवरून फोन. सू. चादरींच्या ट्रॉलीपाशी चक्कर येऊन पडली. भुवई फाटली, चार टाके.
पोचलो तर सिस्टर कागद घेऊन उभी. प्रेशर ९६/५८. इंग्रजीत विचारलं, हिला हाय आहे हे कोणी सांगितलं? मी म्हटलं, तुमचं मशीन शेवटचं कधी तपासलंय? तिने मशीन फिरवून स्टिकर दाखवला. जानेवारी. मी चष्मा लावून वाचला. सही होती, तारीख होती. सगळं बरोबर. सू. कॉटवर पडून माझ्याकडे बघत होती. मी तिला अजून काही विचारलं नव्हतं, हे गाडीत बसल्यावर लक्षात आलं.
गोळी तूर्त बंद.

शुक्र. २८
मुग्धा लीड्सहून आली. येताच वर जाऊन आईचं प्रेशर घेतलं. आपल्याच मशीनवर. खाली येऊन म्हणाली, "बाबा, आईचा बीपी माझ्याकडे नॉर्मल येतो. वन ट्वेंटी-सिक्स."
"पट्टा सैल बांधला असशील."
"ओके. मग तू वर ये. तिथे बस जिथे तू रोज बसतो."
बसलो. पट्टा मीच बांधला, दोन बोटं जातील इतपत. पाच मि. सू. भिंतीकडे बघत होती. १५९/९५.
"आता बाहेर जा," मुग्धा.
बाहेर जिन्याच्या लँडिंगवर उभा राहिलो. आतून मशीनची घरघर ऐकू आली. दार बंद ठेवूनच मुग्धा ओरडली, "वन ट्वेंटी-एट ओव्हर सेव्हन्टी-नाइन!"
परत आत, १६१. परत बाहेर, १२४. परत आत, १५७. तिसऱ्यांदा बाहेर पाठवलं तेव्हा सू. म्हणाली, "पुरे गं, त्यांना कळलंय." मुग्धा म्हणाली, "नाही कळलं. हा माणूस तीनदा बघितल्याशिवाय मानत नाही, तूच सांगते ना?" १२५.
सहाही आकडे लिहून घेतले.

शनि. २९
बेलग्रेव्ह रोडवरच्या मिठाईच्या दुकानातला एक काटा होता, रोज अकरानंतर चुकायचा. दोन तास समोर बसून शोधलं. काट्यात काही नव्हतं. वरचा पंखा अकराला लावायचे. ही गोष्ट मी प्रत्येक पार्टीत सांगतो. काटा उगाच उघडायचा नसतो, आधी आजूबाजूला बघायचं, काय
राहू दे.
सकाळी सू. पोळ्या करत होती. विचारलं, "कधीपासून?"
"काय?"
"हेच. मी आलो की."
"तुम्हाला तारीख हवी असेल ना." पोळी उलटली. "तारीख नाही माझ्याकडे. ड्राइव्हवेत तुमची गाडी वळली की मी पुसलेला ओटा परत पुसते. एवढंच सांगता येईल."
"मी कधी हात उगारला नाही तुझ्यावर. आवाज चढवला नाही."
"नाही," म्हणाली. "आवाज चढवला असतात तर निदान मुग्धाला तरी ऐकू गेला असता."
पोळी मला वाढली. फुगलेली. नेहमीसारखी.

रवि. ३०
पाडवा. आजपासून उन्हाळी वेळ, घड्याळं एक तास पुढे. गुढी उभारायचं कोणाच्याच मनात आलं नाही. सू. मुग्धाबरोबर लीड्सला गेली, दोन आठवडे. मशीन डब्यात घालून, वर सूचना लिहून बॅगेत ठेवलं होतं. त्या गेल्यावर बघतो तर चपलांच्या रॅकवर. सूचनांसकट.

शुक्र. ४ एप्रिल
फार्मासिस्ट बाईंचा फोन. हॉस्पिटलचं पत्र पोचलंय. "तुम्ही इतके काटेकोर, मग आकडे असे कसे?"
मी म्हणालो, मशीन खराब होतं.
त्या म्हणाल्या, होतं असं, फेकून द्या, नवीन घ्या.
फोन ठेवला. तेवीस वर्षांत चांगल्या काट्यावर खोटा शेरा मारला नव्हता.

सोम. ७
सर्जरीत फोन केला. फोनच्या रांगेत चौदावा नंबर. पाऊण तासाने बाई मिळाल्या. सांगितलं, मशीन बरोबर आहे. दोनदा तपासलंय. आकडेही बरोबर आहेत. मी समोर असतो तेव्हाचे आहेत.
 बाईंनी आवाज बदलून विचारलं, "मिसेस घरी सेफ आहेत ना?"
असा प्रश्न मला कोणी विचारेल असं कधी
हो म्हटलं. मग म्हटलं, लीड्सला आहे. त्यांनी काहीतरी टाईप केलं. कळ न् कळ ऐकू आली.

गुरु. १०
लीड्सला फोन. "किती येतंय?"
"मोजत नाही."
"मोजायला हवं सुनंदा, गोळी बंद आहे."
"झोप लागते. जेवण जातं. काल मुग्धाच्या घरी टीव्हीसमोर पाय वर घेऊन बसले. तुम्हाला आणखी कसला आकडा हवाय?" मग म्हणाली, "रविवारी येते. स्टेशनवर येऊ नका, टॅक्सी करीन."
मुग्धा मागून, "जायची गरज नाही, आई."

रवि. १३
दु. ४.२०. आली. बॅग हॉलमध्येच ठेवली, वर नेली नाही. टॅक्सी बाहेर उभी आहे, इंजिन चालू. मी चहाचं विचारलं. "नंतर," म्हणाली. कोट काढला, वर जाऊन नेहमीच्या खुर्चीत बसली, बाही वर केली, हात उशीवर ठेवला.
"घ्या."
"कशाला आता? प्रवासातून आलीस."
"घ्या. समोर बसून घ्या. मागच्यासारखं आलं तर तशीच त्या टॅक्सीत बसते. नाही आलं तर बॅग वर आणा."
खुर्ची बाजूला सरकवू का, विचारलं. नको म्हणाली. घड्याळ उलटं करून ठेवलं. मग वेळ कशी कळणार म्हणून परत सरळ केलं. पट्टा बांधला. दोन बोटं. तिचा हात गार होता.
तिच्याकडे बघायचं नाही म्हणून वही घेतली. तीन मि. झाली. टॅक्सीवाल्याने एकदा हॉर्न दिला. भुवईवर टाक्यांचा व्रण दिसतोय. नाही बघायचं ठरवलं होतं. साडेतीन. चार. पावलं टेकलीत, दोन्ही.
"काय लिहिताय एवढं?" सू. म्हणाली.
"बोलायचं नाही," मी म्हणालो.
तोंडातून गेलं.
तिने डोळे मिटले आहेत. पट्टा सोडलेला नाही. पुन्हा पहिल्यापासून पाच मि. ४.२७.