सरळरूप

३ फेब्रुवारी, सोमवार

लागली एकदाची नोकरी, आणि तीही गणिताची! रत्नागिरीकडच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवता शिकवता केस पिकायला लागले होते. दर उन्हाळ्यात निरोप, दर पावसाळ्यात नवा अर्ज. गेल्या वर्षी अर्जाला उत्तरसुद्धा आलं नाही. मग बॅग उचलली आणि भाईंदर पूर्वेला आईबाबांकडे आले. या वयात लेक माघारी आली म्हणून कोणी काही बोललं नाही, हेच खूप.

ऑफिस पेणकरपाड्यात आहे, एका जुन्या गाळ्याच्या माळ्यावर. खाली स्टीलच्या कपाटांचं वर्कशॉप, त्यामुळे टेबलावरचा चहा सारखा थरथरत असतो. मालक जितेंद्रभाई, प्रोग्रॅम लिहिणारा यतीन, तो तपासणारी ममता, आणि आता मी. आमचं सॉफ्टवेअर क्लासवाले घेतात. मुलाने बीजगणिताची राशी टाकली की ते तिचं सरळरूप देतं. मी शाब्दिक उदाहरणं रचायची, मराठीत, आपल्याकडची माणसं घालून. ममताने तिच्या डब्यातली सुकटाची चटणी मला वाढली. म्हणाली, जेवायला एक बाई आली, बरं झालं.

५ फेब्रुवारी, बुधवार

यतीनने आज मशीनच्या आतलं दाखवलं. ‘अ + ब − अ’ असं टाकलं की पडद्यावर नुसतं ‘ब’. मी विचारलं, मी टाकलेलं कुठे गेलं? तो म्हणाला, ते ठेवतच नाही. साठवायच्या आधीच सरळरूप होतं. बंद करायचं बटण नाही, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. सजातीय पदं दिसली की एकत्र, विरुद्ध पदं दिसली की साफ. राशीच्या आधी ‘थांबव’ लिहून तिला कंसात घातलं तर मात्र आतलं जसंच्या तसं राहतं. ते कोणी वापरत नाही.

‘क्ष भागिले क्ष’ टाकलं तर एक आला. क्ष शून्य असेल तर, असं मी विचारलं. वर्गात अशा घाईसाठी मी मुलांचे गुण कापायचे. जितेंद्रभाई मागे उभे होते. ते म्हणाले, “मॅडम, पालकांना छोटं उत्तर पाहिजे. लांब दिसलं की त्यांना वाटते पोराला येत नाही.”

यतीन हसला. मीही हसले. नवी नोकरी आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

आईबाबांना घोडबंदरला घेऊन गेले. किल्ल्यात शिरल्यापासून दोघांची जुंपली. बाबा म्हणे वर चढू, आई म्हणे खाडीकडच्या सावलीत बसू. शेवटी अर्ध्या वाटेत एका दगडावर तिघं बसलो आणि तिथेच शेंगदाणे खाल्ले. घरीही हेच चालतं. हॉलची खिडकी बाबा उघडतात, वारा पाहिजे म्हणून. आई लावते, धूळ येते म्हणून. बेस्टच्या वर्कशॉपमधून बाबा निवृत्त झाल्यापासून दिवसभर तोच खेळ. येताना रिक्षात आई पुटपुटली, “ह्यांच्याशी भांडले नाय तर मला जेवणच जात नाय.” बाबांनी ऐकलं. बाहेर बघत हसले.

मला या दोघांचा कंटाळा येतो असं मी इतकी वर्षं समजत होते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आठवडाभर उदाहरणं रचली. नावं सुचेनात म्हणून घरचीच घातली. बबनराव खिडकी जितक्या वेळा उघडतात तितक्याच वेळा आशाताई लावतात, असं एक. ते रांगेत टाकलंय. यतीन एकेक वाक्य घेऊन त्याची राशी करतो, तोवर ते नुसतं वाक्य म्हणून पडून राहतं.

दुपारी गंमत म्हणून आमच्यावरच एक केलं. यतीन प्रोग्रॅममध्ये जितक्या चुका घालतो तितक्या ममता काढते, तर शेवटी काय उरतं? यतीनने लगेच चालवून बघितलं. शून्य आलं. ममता म्हणाली, म्हणजे आम्हा दोघांचा पगार फुकट. जितेंद्रभाईंना उदाहरण फार आवडलं. सगळे पोट धरून हसलो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

यतीन आणि ममता आले नाहीत.

हे वाक्य बरोबर नाही. आले नाहीत असं नाही. त्यांची टेबलंच नाहीत. जिथे टेबलं होती तिथे कागदांचे गठ्ठे आहेत, त्यांवर धूळ आहे आणि ती जुनी आहे. मी जितेंद्रभाईंना विचारलं. त्यांनी आधी ऐकलंच नाही, मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, इथे मी आल्यापासून आम्ही दोघंच. प्रोग्रॅम त्यांनी तयारच विकत घेतला. मग हळू आवाजात विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना मॅडम?”

ममताचा नंबर फोनमध्ये नाही. खाली वर्कशॉपवाल्याला विचारलं, वर लाल ओढणीवाली बाई यायची, रोज तुमच्याकडून पाण्याची बाटली भरून न्यायची. तो हिंदीत म्हणाला, ऊपर तो सिर्फ आप आती हो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

फक्त मला आठवतंय. बहुतेक उदाहरण रचणाऱ्याला आठवतं. ही शिक्षा असेल तर तीही मशीनच्या सोयीची आहे, कुणाला सांगून पटत नाही.

आज ते उदाहरण उघडलं. प्रश्न गेलाय. उत्तराच्या जागी शून्य आहे. मी ते पुन्हा पुन्हा बघत बसले. शून्यात यतीन नाही, ममता नाही, तिची चटणी नाही. कुणाची दोन माणसं गेली की निदान रडारड होते. इथे हिशोब बरोबर आला म्हणून गोष्ट संपली.

मग आठवलं. रांगेत आईबाबा आहेत.

१९ फेब्रुवारी, बुधवार

रांग आता आपोआप पुढे सरकतेय. यतीन नाही तरी वाक्यांच्या राशी होतायत. खिडकीचं उदाहरण खाली होतं, ते वर आलंय. मला ते पुसता येत नाही, तो अधिकार मालकाचा. जितेंद्रभाईंकडे गेले. म्हटलं, हे एक काढा. त्यांनी वाचलं आणि खूश झाले. म्हणाले, किती घरगुती आहे, हे तर पहिल्या पानावर टाकू.

मी पाया पडायची बाकी होते. नोकरी सोडीन म्हटलं. ते म्हणाले सोडा, पण उदाहरण कंपनीचं आहे.

मग खुर्चीवर बसून त्या वाक्याला ‘थांबव’ घातलं. कंस उघडला, कंस बंद केला. रांग सरकली. त्यांचा नंबर आला आणि गेला. वाक्य तसंच राहिलं.

घरी धावत गेले. दोघं भांडत होते. मी दारातच बसले. आई विचारत राहिली, काय झालं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

जितेंद्रभाईंनी मदतीला एक मुलगी घेतली. मिनल. इथलीच, बीएस्सी झालेली, पहिलीच नोकरी. येताना पेढे घेऊन आली. मला मॅडम मॅडम करत मागे फिरते. मी तिला पहिल्याच तासात सांगितलं, कशालाही हात लाव, पण ‘थांबव’ लिहिलेल्या उदाहरणाला लावू नकोस. कारण विचारलं तिने. काय सांगू? म्हटलं, माझं काम अर्धं आहे त्यात.

तिने मान हलवली. चांगली मुलगी आहे.

मी आता नोकरी सोडू शकत नाही. त्या कंसावर कोणीतरी बसलं पाहिजे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बाबांच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी अर्धा दिवस घेतला होता. दुपारी घरी आले. बेल वाजवली, वाजवत राहिले. समोरच्या सुलूताई बाहेर आल्या. म्हणाल्या, “अगं, बेल कुणासाठी मारतेस? तुझ्याचकडे चावी ना?”

मी म्हटलं आईबाबा. त्या जवळ आल्या. मग हाताला धरून म्हणाल्या, एकटी राहून राहून असं होतं गं, माझ्याकडे येऊन जेवत जा.

पर्समध्ये चावी होती.

आत एक ताट, एक खुर्ची. हॉलमध्ये अंधार. दिवसा. खिडकी नव्हती. खिडकीच्या जागी भिंत होती, रंग दिलेली, रंग जुना, कडेला पोपडे. मी दोन्ही हातांनी चाचपली. बाहेर रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या आणि मध्ये भिंत.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मिनलने कंस काढला. जितेंद्रभाईंनी सांगितलं होतं तिला, मॅडमनी काहीतरी अडकवून ठेवलंय, मोकळं कर. ती रडायला आली होती. म्हणाली, चूक झाली का मॅडम? मशीनने तर बरोबर उत्तर दिलं.

मी तिला मारणार होते. हात उचलला होता.

पडद्यावर टाकलं: आशा + बबन. शून्य. आशा. शून्य. आई. शून्य.

३ मार्च, सोमवार

नियमांची फाइल सापडली. विरुद्ध पदं साफ करायच्या ओळी आहेत तिथे. सगळ्या काढल्या. दुपारी परत होत्या. मिनलला तेच काम दिलंय, मी काढेन ते परत घालायचं. पुन्हा काढल्या. तिने पुन्हा घातल्या. माझ्याकडे न बघता.

४ मार्च, मंगळवार

काढल्या. घातल्या. काढल्या —

संध्याकाळी खिडकीशेजारचं माझं टेबल जरा अरुंद वाटलं. तिचंही. ती म्हणाली, मॅडम, आज मला सारखं हलकं हलकं वाटतंय. पायांत काही नसल्यासारखं.

तेव्हा कळलं. मी काढतेय तितकंच ती घालतेय. यासाठी आता उदाहरण रचायचीही गरज उरलेली नाही.

५ मार्च, बुधवार

थांबवलं. एकही ओळ काढली नाही. आईबाबा परत येणार नाहीत, निदान ही पोर तरी राहील. बावीस-तेवीसची आहे, तिने कुणाचं काय केलंय. जितेंद्रभाईंना सांगितलं, तुमचं बरोबर आहे, मीही घालीन ओळी. ते म्हणाले, व्हेरी गुड मॅडम, एकमेकींना सांभाळून घ्या.

दिवसभर तिच्याशेजारी बसून तिच्यासारखंच काम केलं. तिचं हलकं वाटणं थांबलं. हसलीसुद्धा.

७ मार्च, शुक्रवार

जितेंद्रभाईंनी मिनल म्हणून हाक मारली. दोघींनी ओ दिली.

एकच टेबल आहे. एकच खुर्ची — मोठी — आम्ही दोघी —

विरुद्ध असलं तर साफ. आणि सजातीय असलं तर —

वर्गात शिकवायचे मी. सजातीय पदांची बेरीज करा. मुलं विचारायची नाहीत, बेरीज झाल्यावर आधीची पदं कुठे जातात.

१० मार्च

रिक्षाने घरी निघाले तर भलत्याच बिल्डिंगपाशी उतरले. जिना पाठ होता. दार मिनलच्या आईने उघडलं. दमलीस का गं, म्हणाली. मी हो म्हटलं. मिनल कुठे होती ते — आत गेल्यावर लक्षात आलं, शोधायला हवं होतं. नाही शोधलं. जेवले. डाळ गरम होती. खूप दिवसांनी कुणी वाढलं.

१२ मार्च

माझं नाव रसिका बबन भुवड. रसिका बबन. हे लिहिताना अक्षर गोल येतंय. माझं अक्षर उभं आहे.

उभं होतं.

१३

सोडून गेले तर ती हलकी होईल का — की मी — ती कोण आता. विचारलं तर आरशासारखं माझ्याबरोबरच विचारते.

डाळ. आज परत डाळ. आवडते मला. मला आवडायची नाही —

१४

आईचा फोन आलाय. माझ्या नाही. तिच्या. विचारतेय आज लवकर येशील ना, आणि माझ्या तोंडून येते गं आई —

नाही. माझी आई असं विचारायची नाही. ती म्हणायची — ती नाय असं म्हणायची, नाही असं नाही — तिचा आवाज जरा बसका, आणि ती मला हाक मारायची ती