एकदाही अडखळलं नाही

३ सप्टेंबर

टक-टाक, टक-टाक, टक-टाक. मिस हॅल्वरसनची लाकडी पट्टी बाकावर पडायची आणि तिसरीतली आम्ही पोरं रानहंसांची कविता म्हणायचो. कुणी अडखळलं की पट्टी हवेतच थांबायची. त्या थांबलेल्या पट्टीची भीती माराहून मोठी.

आज जुन्या खाणीतल्या नेमबाजीच्या मैदानावर तीच पट्टी पुन्हा हवेत थांबली. ठो, ठो, ठो — आणि मग काहीच नाही! उडालेल्या गोळीची रिकामी पुंगळी पिस्तुलाच्या फटीत अडकून उभी, चुलीच्या धुराड्यासारखी. झटकून टाकली. पुढच्या मॅगझीनला पुन्हा धुराडं.

सगळ्यांदेखत. आणि क्लबातला हार्लन प्रूइट शेजारीच. तो आयुष्यभर रिव्हॉल्व्हरवाला, त्यात पुंगळी अडकतच नाही. "कविराज, ही खिशातली पिस्तुलं म्हणजे लाडावलेली पोरं. मनात आलं तरच काम करणार." मग हळूच, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतकं हळू — "की मनगट ढिलं पडलं रे तुझं?"

हे लागलं. कारण ते खोटं नाही. मनगट ढिलं असलं की पिस्तूल हाताबरोबर मागं जातं, वरची स्लाइड पुरती सरकत नाही, पुंगळी आतच राहते. अठ्ठ्याहत्तरीचं मनगट!

५ सप्टेंबर

कोरीनचा फोन, बॉइझीहून. हार्लनच्या बायकोनं माझ्या लेकीपर्यंत बातमी पोचवली वाटतं. बेव्हच्या तोंडात तीळ भिजत नाही.

"बाबा, त्या घळीत एकटे राहता. शेरीफची गाडी यायला पाऊण तास. आणि खिशातलं पिस्तूल असं. तुम्ही माझ्याकडे या ना. वरच्या खोलीत खाट लावून ठेवलीय."

"पाहुणा म्हणून येईन. नाताळात."

"राहायला या." आणि खालच्या आवाजात, "पिस्तूल पण आणा."

हसलो. "अडकतं म्हणून मी घर सोडायचं, आणि अडकणारंच बरोबर आणायचं?"

ती हसली नाही. रॉइस आला वाटतं, म्हणाली, आणि फोन ठेवला. जावयाशी माझं कधी जमलं नाही, पण निदान नमस्कार-चमत्कार तरी करू द्यायचा.

९ सप्टेंबर

माझी बायको आर्डिथ गेली त्या खोलीतून सकाळी ऊन येतं, ते थेट टेबलापर्यंत. हे घर सोडून बॉइझीत खिडकीतून पार्किंग बघत बसू?

१० सप्टेंबर

कोरीनला मीच फोन केला. म्हटलं, "ऑक्टोबरात नेमबाजी क्लबची पिस्तुलाच्या भरवशाची चाचणी आहे. दोनशे गोळ्या. एकदा जरी अडखळलं, तर सामान बांधून तुझ्याकडे. नाही अडखळलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

ती म्हणाली, "बरं, बाबा." इतकं बारीक, की लहानपणी ताप असला की बोलायची तसं.

१७ सप्टेंबर

मनगटाला बळ यावं म्हणून रबरी चेंडू दाबतोय. सकाळी कॉफीबरोबर, संध्याकाळी हंसांच्या कवितेबरोबर. प्रत्येक आघाताला एकदा दाबायचं. मिस हॅल्वरसन, बघताय ना?

२४ सप्टेंबर

अहाहा! आजचा दिवस चौकटीत लावावा!

मैदानावर दुसऱ्याच मॅगझीनला अडकलं. हार्लननं हात पुढे केला. "दे इकडे. मनगट कशाला म्हणतात ते दाखवतो." त्याचं मनगट म्हणजे कुंपणाचा खांब. पाय रोवले, छाती फुगवली. ठो, ठो, ठो, ठो — धुराडं!

क्लबातला लॉइड म्हणाला, "हार्लन, वय झालं रे तुझं." लोक पोट धरून हसले. हार्लनचे कान लाल.

माझं मनगट नाही! येताना सगळ्या रस्ताभर मोठ्यानं कविता म्हटली. शेजाऱ्याच्या गाई बघत राहिल्या.

२५ सप्टेंबर

पण मग काय? गोळ्या बदलून पाहिल्या. मॅगझीनवर रंगाचे ठिपके दिले, कुठलं दगा देतं ते कळावं म्हणून. चारही देतात.

२८ सप्टेंबर

सापडलं.

पिस्तूल रिकामं केलं, दोनदा बघितलं, टेबलावर खोललं. नळी मी आरशासारखी ठेवतो. पण पुंगळी ओढून काढणारा तो बारीक आकडा असतो ना, त्याच्याखाली काहीतरी काळं. ब्रश पोचेना. आर्डिथची क्रोशाची सुई आणली. टोकाला मुगाच्या दाण्याएवढा गोळा आला — तेलात भिजून नमद्यासारखा घट्ट. त्यातून एक धागा सुटला. निळा.

तिनं विणलेली पिशवी! कोटाच्या खिशात पिस्तूल कुठं घासू नये म्हणून विणली होती. ती होती तेव्हा कधी वापरली नाही, बायकी दिसते म्हणून. ती गेल्यावर, या वसंतात, खणात सापडली. तेव्हापासून रोज तीच. वर मी तेलाचा धनी — जरा जास्तच घालतो. लोकर आणि तेल! आकडा पुंगळीला नीट पकडणार तरी कसा?

पिशवी धुतली. आर्डिथच्या फोटोला अडकवली. खिशाला कातडी म्यान. तेल एक थेंब, तोही पुसून.

१ ऑक्टोबर

शंभर गोळ्या. टक-टाक, टक-टाक. एकही चूक नाही. पाठ झाली कविता!

१७ ऑक्टोबर

चाचणी. क्लबचा नियम कडक — आठवडाभर अंगावर वागवलेलं पिस्तूल, न पुसता, तसंच खिशातून काढायचं. मधे तेल नाही, ब्रश नाही. शेवटचं मॅगझीन रोजच्या खिशातल्या गोळ्यांचं.

थंडी अशी की बोटांना बोटं कळत नव्हती. ओठांतल्या ओठांत कविता सुरू केली. हार्लन मागून, "कविराज, चाप ओढ, प्रार्थना नंतर कर!" मी ओढत राहिलो. पुंगळ्या उजवीकडे उडत होत्या, एकामागून एक, पितळी, गोठ्यातून गोऱ्हे सुटावेत तशा. मध्यावर हाताला रग लागली. पिस्तूल थांबलं नाही. शेवटच्या मॅगझीनला सगळे माझ्या मागे येऊन उभे राहिले. हार्लनसुद्धा.

शेवटची गोळी. स्लाइड मागं जाऊन थांबली — रिकामी, मोकळी, स्वच्छ.

एकदाही अडखळलं नाही!

हार्लननं एल्क हरणाच्या मांसाचे सॉसेज आणले होते, मी हरलो की मला दाखवून खायला. मला दिले. म्हणाला, "लोकर, म्हाताऱ्या? खरंच लोकर?" आणि मग माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी तिथंच पडलो असतो.

घरी येऊन कोरीनला फोन केला. "जिंकलो गं! मी कुठंही येत नाही!" आनंदानं ओरडलोच.

"छान झालं, बाबा," म्हणाली. वर हंस चालले होते दक्षिणेला. तिला ऐकवावेत म्हणून फोन खिडकीबाहेर धरला. पुन्हा कानाला लावला तर ती रडत होती. हंसांमुळे असणार.

१८ ऑक्टोबर

दुपारी दार वाजलं. दारात कोरीन, न कळवता आलेली. एक पिशवी, अंगात कोट नाही, डावं मनगट स्वयंपाकघरातल्या फडक्यात बांधलेलं. "रॉइसला माहीत नाही मी इथं आहे."

बॉइझीतल्या वरच्या खोलीतली ती खाट. ती तिनं माझी काळजी वाटून लावलीच नव्हती. रॉइस घरी असताना मी तिथं असावं म्हणून लावली होती.

तिला आत घेतलं, कडी घातली. तिची नजर माझ्या कोटाच्या खिशाकडे.

"आता अडकत नाही ना, बाबा?"

"नाही, पोरी."