साखरेचं लेकरू

सिंदेवाही,
११ नोव्हेंबर २०२४

ती. वच्छलामावशीस,
दिव्यानीचा सा. न. वि. वि.

तुझ्या गावात फोन लागत नाई, म्हणून एटापल्लीच्या बसवाल्याजवळ चिठ्ठी देऊन राह्यली.

रोशनभाऊच्या बायकोचं, करिष्माचं डोहाळजेवण ठरलं. केक माझ्याच हातचा पाहिजे म्हणून ती हटून बसली. आई म्हणाली, हिचं लेकरू गेलं, हिच्या हातचं कशाले? करिष्मानं ऐकलं नाई.

केकवर झोपलेली लेकरं मांडाची आहेत. साखरेचं पीठ मळून साच्यात दाबते, फ्रीजात गार करते, मग अलगद काढते. परवा सगळी गार निघाली, एक कोमट. परत ठेवलं, परत कोमट.

मावशी, ती ऊब मले ओळखीची आहे. पोरगी मेलेलीच जन्मली, पण नर्सबाईनं हातात दिली तवा अशीच कोमट होती. मग तिचे बाबा, प्रणित, तिले घेऊन गेले. कुठी ठेवलं ते मी विचारलं नाई, त्यांनी सांगतलं नाई.

ती करिष्माच्या लेकराच्या मागं तं लागणार नाई? केक जमत नाई म्हणून कळवू का?

माया पातळ करू नको.
तुझी दिव्यानी


जारावंडीजवळून,
१५ नोव्हेंबर २०२४

चि. दिव्यानीस,
वच्छलाचे अ. उ. आ.

तुझ्या आईचं मनावर घेऊ नको. ती पहिल्यापासूनच भित्री. वांग्यात अळी निघाली तरी सारा मोहल्ला गोळा करे.

तुले भ्याव काऊन वाटते? ते लेकरू तुझं आहे. आपली आई सोडून दुसऱ्याच्या घरी कशाले जाईन? तुम्ही तिले नाव ठेवलं नाई, घरात तिची गोष्ट काढली नाई. ती उंबरठ्यातच उभी आहे. कोणी आत ये म्हणत नाई, कोणी जा म्हणत नाई.

केक कर. तेवढं एक लेकरू त्यावर लावू नको, आपल्यापाशी ठेव. आणि प्रणितले विचार. तो बोलत नाई म्हणजे विसरला असं समजू नको.

जीवाले जप, म्हातारीले आठवत जा.
तुझी मावशी


सिंदेवाही,
२५ नोव्हेंबर २०२४

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

डोहाळजेवण कुरखेड्याले नीट पार पडलं. केक पाहून बाया कुजबुजल्या. करिष्मानं सगळ्यांदेखत मले बोलावलं, पहिला घास माझ्याच हातून खाल्ला आणि माझा हात पोटावर ठेवला. आत लेकरू जोरात हाललं. आईनं तोंड फिरवलं. मग तीच माझ्यासाठी पाट घेऊन आली.

ते कोमट लेकरू मी रुमालात गुंडाळून घरीच ठेवलं होतं. परत आल्यावर प्रणितच्या समोर उघडलं आणि पोरीले कुठी ठेवलं ते विचारलं. ते उठले. मले चप्पल घाल म्हणाले.

आमच्या धानाच्या बांधीचा एक कोपरा ते कधी नांगरत नाई. मी त्यांच्यावर आळशी म्हणून हसत होती. तिथंच, पळसाच्या खाली, नदीतले गोटे मांडलेले होते. धान कापलेल्या शेतात कोणी नव्हतं, तरी मले कोणी पदर धरल्यासारखं वाटलं. मी रुमाल गोट्यांपाशी ठेवला. तिले कोणत्या नावानं हाक मारू, हे विचारायसाठी मी त्यांच्याकडं वळली.

विचारायची गरज पडली नाई. प्रणित वाकले आणि मातीवर हात ठेवून, रोजच बोलत असल्यासारखे म्हणाले, मंजुळा, पाह्य, आज तुझी आई आली.

आमच्या तिघांवर लोभ असू दे.
तुझी दिव्यानी