निपाणीसाठी चार शॉकअप

३ जाने., शनि.
सकाळी सु.चा फोन. निपाणीला जाऊन तिला सात महिने झाले. मामींच्या खुब्याचं ऑपरेशन म्हणून पंधरा दिवसांसाठी गेली होती. (मामाचीच मुलगी केली, त्यामुळे सासूबाई अजून मामीच.) आज पहिल्यांदा म्हणाली, "आईला घेऊन तिकडंच येऊ का?" डॉक्टर हो म्हणालेत, गाडीत मागे आडवं झोपवून आणा, पण हिसके बसता कामा नयेत.
ये म्हणालो. पण आपली गाडी दोघांनाही माहीत आहे. चौदा वर्षांची. एक खड्डा गेला तरी तीन-चार झोके घेतच राहते.

५ जाने., सोम.
मंजुअण्णाच्या गॅरेजात. त्याने डिकीवर दोन्ही हातांनी भार देऊन सोडला, गाडी हलतच राहिली. मागचे दोन्ही शॉकअप गळतायत. पुढचे कोरडे, पण त्यांच्यातही दम नाही. चारही बदला म्हणतो, निदान जोडी तरी. ऑपरेशनच्या खर्चानंतर जे शिल्लक आहे त्यात कंपनीचे दोनच बसतात. मी म्हटलं, मग मागचे घालू, मामी मागेच झोपणार. तो नको म्हणाला. पुढचे असे ठेवून साडेपाचशे किलोमीटर जायचं नाही, ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालते.
पटलं. पण चारांचे पैसे नाहीत. संध्याकाळी आमच्या जे. पी. नगरचे तीन क्रॉस, म्हणजे आडव्या गल्ल्या, उगाच चालून आलो.

८ जाने., गुरु.
जे. सी. रोडचा स्पेअरपार्टचा बाजार. पहिल्या दुकानात जुने शॉकअप उघडून, तेल भरून, काळा रंग मारलेले. चारांची किंमत नव्या एकापेक्षा कमी. दांड्यावर नख फिरवलं तर ओरखडा लागला. ठेवून दिले. मोह झाला होता, खोटं कशाला लिहू.
शेवटच्या दुकानात एक म्हातारे शेट्टी. गॅसवाले दाखवले. सगळे हेच नेतात, गाडी रस्त्याला धरून राहते म्हणे. मग विचारलं, मागे कोण बसतं?
बायको आणि तिची आई, असं सांगितलं. सात महिन्यांत कोणी बसलेलं नाही, हे सांगितलं नाही.
गॅसवाले ठेवून दिले त्यांनी. म्हातारं माणूस असेल तर ते स्वल्प कडक वाटतील. साधे तेलाचे न्या, दुसऱ्या कंपनीचे. कंपनीच्या दोनात हे चार येतात. आयुष्य थोडं कमी.
विचार करून सांगतो म्हणालो.

१० जाने., शनि.
आज एक वेडेपणा केला. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मूर्तींना गाडी चालवायला लावली आणि मी मागच्या सीटवर गुडघे दुमडून आडवा झालो. मूर्ती हसत होते. पहिल्या स्पीडब्रेकरला हसू थांबलं त्यांचं, कारण मी ओरडलो.
खालून नुसत्या तारा आणि झाडांचे शेंडे दिसतात. हिसका कधी येणार ते कळत नाही. पुढे बसणाऱ्याला कळतं, तो अंग आवळून घेतो.
सु.ची कंबर धरली होती त्या वर्षी तिला अशीच मागे झोपवून म्हैसूरला लग्नाला नेली होती. मी पुढे तिच्या चुलतभावाशी गप्पा मारत होतो. उतरल्यावर विचारलं, बरं गेलं ना? हो म्हणाली.
आज तिला फोन केला नाही.

१४ जाने., बुध.
संक्रांत. मूर्तींकडून एळ्ळु-बेल्ला, इथला तिळगूळ, आलं. दुपारी सु.चा फोन. मामी यायला तयार नाहीत. घराला कुलूप लावून परक्या गावात मरायला कशाला येऊ, म्हणाल्या. सु. रडली. गाडीचं काही करू नका आता, म्हणाली.
मी विचारलं, "मग तू?"
"मला विचारू नका ना असं."
रागावली नव्हती. दमली होती फक्त.

१५ जाने.
अण्णाचा फोन, काय ठरलं? कळवतो म्हटलं. दिवसभर तेच. नकोच असतील तर कशाला? पण नाही बदलले तर मीच ठरवल्यासारखं होईल, की कोणी येणार नाही.
चारनंतर शेट्टींकडे गेलो. तेलाचे चार घेतले.

१७ जाने., शनि.
बसवले. अण्णाने जुने काढून माझ्या हातात दिले. दाबला की दांडा आत जातो आणि तिथेच राहतो. अलाइनमेंटही केली. नंतर मी परत मागे आडवा, गाडी अण्णा चालवतोय. पुष्कळ फरक. खड्डा कळतो, पण लागत नाही. "सरी?" बरं आहे ना, त्याने आरशातून विचारलं. सरी म्हटलं.

१९ जाने., सोम.
सु.ला सांगितलं, चारही बदलले. तुम्हीच सांगा आईला, म्हणाली. मग फोन मामींकडे दिला. मामींना कमी ऐकू येतं, मोठ्याने सांगावं लागलं, मामी, मी स्वतः झोपून बघितलं, दुखत नाही.
"तू झोपलास?"
"दोनदा."
हसल्या बहुतेक. मग म्हणाल्या, चार दिवस येईन. पाचव्या दिवशी परत आणून सोडायचं.
हो म्हणालो. परत सोडायचं म्हणजे सु.लाही. त्यांनाही ते माहीत असणार.

२२ जाने., गुरु. निपाणी
पहाटे निघालो, चारच्या सुमारास पोचलो. रस्ताभर मागे कोणी असल्यासारखा हळू चालवत आलो.
मामींची पिशवी भरलेली आहे, पण बोलणं बदललंय. उद्या सकाळी उठून बघू, म्हणतात. सु. किती वाळलीय. फोनवर कळलं नव्हतं.
चहा झाल्यावर ती गाडी बघायला बाहेर आली. मागचं दार उघडून बसली, सीट हाताने दाबून बघितली. मी सवयीने पुढचं दार उघडत होतो. ते लोटून मागेच तिच्याशेजारी जाऊन बसलो. गाडी जराशी खाली गेली, वर आली, थांबली. तिने डोकं मागे टेकून डोळे मिटले.
मामींनी आतून हाक मारली.
"आले," सु. म्हणाली. पण उठली नाही.