चपलांची तोंडं

सोमवार, ३ मार्च

आज मास्तरीणबाईंची साक्ष झाली. जबरी चोरीची केस. बाई निवृत्त शिक्षिका, घरात एकट्या. गेल्या एप्रिलमध्ये भर दुपारी तोंड बांधलेला माणूस आत शिरला, मनगट पिरगाळलं, गळ्यातली साखळी नेली. पिंजऱ्यात उभा आहे एक रंगारी — त्याने महिनाभर आधी बाईंच्या भिंती रंगवल्या होत्या आणि त्या दिवशी तो गल्लीत दिसला होता. एवढंच! अकरा महिने कोठडीत आहे.

बाई वर्गात बोलावं तशा खणखणीत बोलत होत्या. 'मी त्याच्या हातावर नखं मारली. चांगली खोल!' न्यायाधीश साहेबांनी ते मला लिहायला सांगितलं. आमच्याकडे साक्षीदार बोलतो, साहेब त्यातलं कामाचं निवडतात, मी तेवढंच टाइप करते. मग बाई म्हणाल्या, 'आणि जाताना त्याने माझ्या चपला सरळ केल्या. टाचा घराकडे, तोंडं रस्त्याकडे. मी फरशीवर पडून बघत होते.'

कोर्टात हशा. साहेबही हसले. 'हे राहू द्या, लिहू नका.'

राहिलं. पण माझ्या वहीत ते लघुलिपीत आधीच उमटलं होतं. एकोणीस वर्षं कोर्टात लिहिणारा हात — डोक्याला विचारत बसत नाही.

मंगळवार, ४ मार्च

घरी आले तर दारात दादाच्या चपला. टाचा घराकडे, तोंडं रस्त्याकडे. हसूच आलं! आईची शिस्त ही. 'निघताना वळायला लागू नये,' म्हणायची.

मग हसू आपोआप थांबलं.

उगाच काहीतरी! दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आई गेल्यावर माझ्या वेण्या घालून मला शाळेत धाडणारा. छापखाना बंद पडल्यापासून माझ्याकडेच राहतो. मुंगीसुद्धा चिमटीत धरून खिडकीबाहेर सोडतो. जगात नीटनेटकी माणसं काय कमी आहेत?

बुधवार, ५ मार्च

गेल्या एप्रिलमध्ये, अंगाची लाही होत असताना, दादा आठवडाभर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून होता. 'मांजराने ओरबाडलं गं.' मलम मीच लावलं होतं. चार रेघा.

शुक्रवार, ७ मार्च

शेजारच्या वहिनींना सहज विचारल्यासारखं विचारलं. आमच्या गल्लीत कुणाकडेच मांजर नाही. कधी नव्हतं.

सोमवार, १० मार्च

रंगाऱ्याला सरकारकडून मिळालेला वकील त्याला व्हरांड्यात समजावत होता. 'कबूल करून टाक. जबरी चोरीची साधी चोरी करून घेतो. अकरा महिने भोगलेसच, संध्याकाळी घरी असशील.' वकील वाईट नाही. इथे असंच चालतं. जो कबूल करतो तो सुटतो, जो भांडतो तो वर्षं मोजतो. मी असले निकाल शेकड्यांनी टाइप केलेत, जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून विसरलेसुद्धा.

रंगारी म्हणाला, 'घरी जाईन हो. पण कोण म्हणून जाऊ? माझी मुलगी दार उघडणार.'

नाही केलं कबूल. वकिलाने कपाळावर हात मारला. मी टाइप केलेले कागद छातीशी धरून तिथेच उभी.

मंगळवार, ११ मार्च

दोषी. शिक्षा शुक्रवारी सुनावणार. नखांच्या खुणा आरोपीच्या हातावर नव्हत्या, पण अटक नऊ दिवसांनी झाली, तोवर भरून आल्या असतील — असं साहेबांनी सांगितलं, मी टाइप केलं. आमच्या नेहमीच्या रीतीने जुन्या निकालाची प्रत काढली, नावं बदलली, वर्षांच्या आकड्याची जागा रिकामी सोडली. दिवसभर ती जागा कॉम्प्युटरवर माझ्याकडे बघत होती.

वहीतलं ते चपलांचं पान फाडलं. मग चिकटवलं. माझ्या लघुलिपीच्या खुणा माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाहीत, तरी.

बुधवार, १२ मार्च

मास्तरीणबाईंच्या घरी जाऊन आले. त्यांच्या साक्षीच्या एका पानावर सही राहिली होती, शिपायाला पाठवता आलं असतं. पण मीच गेले. का, ते विचारू नये.

भिंती फिक्या निळ्या. सुबक हात आहे रंगाऱ्याचा. बाईंनी सही केली, मनगट चोळलं. 'पाऊसपाण्यात दुखतं अजून. तो रंगारी असेल का गं, मुली? मला खात्री नाही. पण पोलीस म्हणाले, साहेब म्हणाले. एवढी माणसं चुकतील का?'

मी कागद पिशवीत घातला. निघाले. बाई दारापर्यंत आल्या आणि खाली बघत थांबल्या.

माझ्या चपला. टाचा घराकडे, तोंडं रस्त्याकडे. कधी काढल्या, कधी लावल्या — मला आठवतही नव्हतं!

पंखा कुरकुरत होता.

'कुणी शिकवलं?'

'आईने.'

'आणखी कुणाला शिकवलं तिने?'

पाय चपलांत सरकवले आणि चालू लागले. वळावं लागलं नाही. बाईंनी दार लावल्याचा आवाज मात्र गल्ली संपेपर्यंत आला नाही.

गुरुवार, १३ मार्च

जेवताना म्हटलं, 'दादा, काल एका साक्षीदार बाईंकडे गेले होते. मास्तरीणबाई.' बास, एवढंच.

दादा घास हातात धरून बसला. मग म्हणाला, 'मनगट बरं आहे का त्यांचं?'

मी मनगटाचं काही बोलले नव्हते.

त्याने माझ्या ताटात भाजी वाढली. मी खाल्ली. दोघांनी भांडी घासली, त्याने पुसली, जागच्या जागी लावली. मला त्याची भीती वाटली. माझ्या दादाची! आणि तरी मनात एकच — याला न्यायला नको कुणी.

शुक्रवार, १४ मार्च

मास्तरीणबाई पहिल्या बाकावर होत्या. रंगाऱ्याकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या, पूर्ण वेळ.

साहेब म्हणाले, 'सात.'

मला फक्त उभं राहायचं होतं. 'साहेब, साक्षीतलं एक वाक्य राहिलंय.' एवढंच वाक्य! सकाळपासून आंघोळीच्या वेळी, रस्त्यात, जिन्यात घोकलं होतं. ओठ उघडलेच नाहीत. बोटांनी मात्र काम केलं. सात. रिकामी जागा भरली.

रंगाऱ्याने विचारलं, 'म्हणजे मुलगी किती वर्षांची होईल?' कुणीतरी सांगितलं, सोळा.

घरी दादाने विचारलं, 'किती?' मी सांगितलं. त्याने मान हलवली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, वेण्या घालायचा तेव्हा ठेवायचा तसा. मी नीच आहे. हे कुठेतरी लिहायला हवं म्हणून इथे लिहिते.

शनिवार, १५ मार्च

सकाळी कोर्टाचा शिपाई दारात. 'ताई, सुट्टीच्या दिवशी त्रास. साहेबांनी वही घेऊन बोलावलंय. एक माणूस आलाय, अनवाणी. कबुली द्यायची म्हणतो, आणि ती तुम्हीच लिहून घ्यावी म्हणतो.'

दादाची खोली रिकामी. चपला दारातच आहेत. या वेळी तोंडं घराकडे.